अंथरुणांतील लॅपटॉप

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांतील तीन निरनिराळ्या गांवच्या गृहिणींचीं असूनहि त्यांतली तक्रार एकच आहे. घरांतील तरुण मंडळी रात्रीं लॅपटॉप घेऊन अंथरुणांत शिरतात, तो गादीवर किंवा उशीवर ठेवून मध्यरात्र उलटेपर्यंत बसतात, आणि सकाळीं पाहावें तों यंत्र दुलईखालीं दडपलेलें व हात लावूं नये इतकें तापलेलें! यांत कांहीं भय आहे काय, आणि असल्यास मुलांस कोणत्या शब्दांनीं वारावें, असें या भगिनींनीं विचारलें आहे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं पुस्तकांतून व जाणत्या मंडळींकडून मिळविलें. दुसऱ्याचें मात्र आम्हांस घरांतच, आणि तेंहि थोडी मान खालीं घालून, शिकावें लागलें. म्हणून या वेळीं आधीं घरची हकीकत सांगतों.

आमचें घर नागपूरच्या महाल भागांतलें, जुन्या बांधणीचें. दोघां भावांचा संसार एकत्र. लहानमोठीं मिळून अकरा माणसें. नागपूरची थंडी बाहेरगांवच्या लोकांस खोटी वाटते, कारण आमच्या गांवाची कीर्ति उन्हाळ्याचीच. परंतु पौषांत पहांटेस येथें दुलईबाहेर हात काढवत नाहीं. गेल्या पौषांत असेच एके दिवशीं पांचाच्या सुमारास आम्ही स्नानास निघालों असतां पुतण्याच्या खोलींतून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. हा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. आंत जाऊन पाहतों तों स्वारी गाढ झोंपलेली, आणि तिच्या कुशीजवळ दुलईखालीं कांहींतरी घुं घुं करीत होतें. दुलई दूर सारली. लॅपटॉपचें झांकण मिटलेलें, वीज चालू, चार्जर उशीखालीं, आणि यंत्र इतकें तापलेलें कीं आम्हीं तें उपरण्यांत धरून उचललें व फरशीवर ठेविलें. उजाडल्यावर झांकण उघडलें तेव्हां अक्षरांच्या कळांखालची ती बोट फिरवावयाची गुळगुळीत पाटी आंतून वर उचलली गेली होती. बॅटरी फुगली होती.

‘काका, मी झाकण लावलं होतं,’ असें तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि तें खरेंच होतें.

झांकण लावणें म्हणजे यंत्र निजविणें, असा सर्वांचा समज असतो. आम्हीं चौकशी केली तेव्हां या झोंपेचा प्रकार निराळाच निघाला. वेदान्तांत जीवाच्या जागृति, स्वप्न व सुषुप्ति अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. या यंत्रासहि त्या तिन्ही आहेत, हें कळून आम्हांस मौज वाटली. ज्यास ‘स्लीप’ म्हणतात ती स्वप्नावस्था होय. पडदा काळा, परंतु स्मृति जागी. आणि अलीकडच्या कित्येक यंत्रांत ही झोंप इतकी सावध असते कीं टपाल आणणें, स्वतःच्या आज्ञावलींत सुधारणा करून घेणें, असलीं कामें तें झोंपेंतल्या झोंपेंतच उरकीत असतें. ‘हायबरनेट’ ही सुषुप्ति. तींत चालू असलेलें सर्व काम डिस्कवर लिहून ठेवून वीज जवळजवळ तोडली जाते. आणि ‘शट डाउन’ ही पूर्ण विश्रांति. (हिला तुरीयावस्था म्हटलेलें आमच्या गुरुजींस खपलें नसतें, म्हणून म्हणत नाहीं.) आमच्या पुतण्यानें तर स्वप्नावस्थाहि ठेविली नव्हती. रात्रभरांत कांहीं चित्रपट उतरवून घ्यावयाचे म्हणून ‘झांकण मिटल्यास कांहींएक करूं नये’ अशी आज्ञा त्यानें यंत्रास देऊन ठेविली होती. अर्थात् झांकणाखालीं, दुलईखालीं, सहा तास तें यंत्र टक्क जागें राहून काम करीत होतें.

सीताबर्डीवर एक दुरुस्ती करणारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे तें नेलें. आम्हीहि मुद्दाम बरोबर गेलों. त्यांनीं पोटाकडचे स्क्रू काढून आंतील भाग उघडा केला, आणि पहिल्यानें दिसलें तें हें कीं आंतल्या पंख्यापुढें करड्या रंगाचा एक जाड थर, अगदीं बनातीसारखा, बसला होता. चिमट्यानें तो त्यांनीं अखंड उचलून आमच्या तळहातावर ठेविला. तो कापसाचा होता. आमच्याच गादीचा. ‘ही बॅटरी एका रात्रीत फुगलेली नाही, गुरुजी,’ ते म्हणाले. ‘दोन वर्षं हा लॅपटॉप अंथरुणात राहिलाय.’

मग त्यांनीं आम्हांस यंत्राच्या श्वासोच्छ्वासाचा मार्ग दाखविला. लॅपटॉपमधील सर्व गणित जेथें चालतें ती मुख्य चिप नखाहून थोडी मोठी असते, आणि बहुतेक उष्णता त्या एवढ्याशा जागेंत उत्पन्न होते. ती तेथून कडेला नेण्यासाठीं तांब्याची एक चपटी पोकळ नळी असते. नळींत किंचित् द्रव असतें. तें गरम टोंकापाशीं वाफ होतें, थंड टोंकापाशीं पुन्हा द्रव होतें, आणि या येरझारींत उष्णता वाहून नेतें. थंड टोंकाला पातळ पत्र्यांची फणी, आणि फणीवर वारा घालणारा पंखा. हा पंखा हवा आंत घेतो ती बहुधा पोटाखालच्या जाळींतून, व सोडतो ती बाजूच्या किंवा बिजागरीजवळच्या फटींतून. यासाठींच यंत्राच्या खालीं रबराचे बुटके खूर बसविलेले असतात. टेबलावर ठेविलें असतां त्या खुरांमुळें खालून तीनचार मिलिमीटरांची वाट मोकळी राहते. यंत्राचा सगळा श्वास तेवढ्यांतून चालतो. गादीवर ठेवतांच खूर रुततात, पोट टेकतें, आणि ती वाट बुजते. कांहीं नव्या लॅपटॉपांत पंखाच नसतो. परंतु त्यांचा धातूचा पत्रा हाच त्यांचा पंखा, आणि तो कापसावर टेकविला म्हणजे तोहि निरुपयोगी होतो.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें संस्कृतच शिकलों व तेंच शिकविलें. तथापि पदार्थविज्ञानाचे मास्तर रजेवर गेले म्हणजे त्यांचा तास आमच्याकडे येई, आणि उष्णतेचा धडा आम्हीं चारपांच वेळां तरी शिकविला असेल. दुलई ऊब देते असें आपण म्हणतों, पण दुलईपाशीं स्वतःची ऊब मुळींच नसते. तिच्यांतील कापसाच्या तंतूंत हवा अडकून पडलेली असते, आणि अडकलेली हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. त्यामुळें अंगची ऊब अंगापाशींच राहते. जी दुलई माणसास सुखाची, तीच यंत्रास घातक, ती या एकाच गुणामुळें. कापसाच्या मानानें लाकूड तीनचार पट उष्णता वाहून नेतें, आणि ॲल्युमिनियम कांहीं हजार पट. आतां हिशेब पाहा. स्वस्थ निजलेल्या माणसाच्या देहांतून सुमारें ७०-८० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. साधा लॅपटॉप कामांत असतां १५ पासून ४५ वॅटपर्यंत उष्णता टाकतो, खेळांसाठीं घेतलेला असेल तर १०० च्याहि पुढें जातो. म्हणजे लॅपटॉप दुलईंत घेऊन निजणें म्हणजे दुलईंत आणखी अर्धा माणूस घेऊन निजणें, आणि तो अर्धा माणूस एका वहीएवढ्या जागेंत कोंबलेला! शिवाय आपण तापलों तर आपल्याला घाम येतो, झोंपेंतहि आपण पांघरूण झुगारतों. यंत्रास यांतलें कांहीं करतां येत नाहीं.

त्याच्याजवळ दुसरा उपाय असतो. चिपेची उष्णता १०० अंश सेंटिग्रेडच्या जवळ पोहोंचली कीं ती आपला वेग स्वतःच कमी करते, आणि तरीहि भागलें नाहीं तर यंत्र आपण होऊन बंद पडतें. रात्रीं अंथरुणावर लॅपटॉप फार ‘संथ’ चालतो अशी जी तक्रार ऐकूं येते तिचें कारण बहुधा हेंच. यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल कीं गादीवर ठेविलेला प्रत्येक लॅपटॉप पेट घेतो, असें मुळींच नाहीं. भिववून सोडण्याचा आमचा हेतु नाहीं. चिप स्वतःस सांभाळते. सोसावें लागतें तें तिच्या शेजारच्या बॅटरीस.

लिथियम-आयन जातीची ही बॅटरी इ. स. १९९१ मध्यें प्रथम बाजारांत आली. तिच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ त्या वेळीं ९७ वर्षांचे होते, हें आमच्यासारख्या निवृत्तांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. असल्या बॅटरीला चार्ज करतेवेळीं साधारण ४५ अंशांपर्यंतची उष्णता चालते, वापरतांना ६०. त्याच्यावर ती लगेच दगा देते असें नाहीं, पण तिचें आयुष्य झपाट्यानें उतरतें, आंत वायु धरूं लागतो आणि ती फुगते. आंतील दोन्ही पट्ट्यांच्या मध्यें प्लॅस्टिकचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. बॅटरी मुळांत सदोष असली, दबली किंवा जुनी होऊन बिघडली, तर त्या पापुद्र्यास इजा पोहोंचून दोन्ही पट्ट्या एकमेकींस भिडतात, आणि मग आंतल्या आंत उष्णतेनें उष्णता वाढत जाऊन आग लागते. २००६ मध्यें एका बड्या अमेरिकन कंपनीस अशाच भयानें लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. अशी गोष्ट क्वचित् घडते. पण ती गादी, उशी, दुलई व निजलेलें मूल यांच्या मधोमध घडूं नये, एवढी खबरदारी घेणें आपल्या हातीं आहे.

येथवर सर्व शास्त्र झालें. त्या सायंकाळीं घरीं येऊन आम्हीं सर्वांस माजघरांत बोलाविलें आणि फर्मान काढलें: यापुढें या घरांत अंथरुणावर लॅपटॉप येतां कामा नये. पस्तीस वर्षें वर्गापुढें उभें राहण्याची संवय. त्यामुळें तेवढ्यावर थांबलों नाहीं. चार शब्द आळसावर बोललों, चार शब्द हल्लींच्या सुखासीनपणावर, आणि अंथरूण हें निजण्यासाठीं असतें, कामासाठीं नव्हे, असेंहि सुनावलें. पुतण्यानें कान धरले. सूनबाई दाराशीं उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

आमच्या सूनबाई एका कंपनींत नोकरी करतात. तिचीं गिऱ्हाइकें अमेरिकेंत असल्यामुळें त्यांचा कामाचा दिवस आमच्या रात्रीं आठास उजाडतो व दोनास मावळतो. चिरंजीव फिरतीवर असतात. नात तीन वर्षांची. आई हाताच्या अंतरावर नसली तर ती उठून बसते. फर्मानानंतर पंधरा दिवस आम्ही समाधानांत होतों. पुढें एके दिवशीं आमच्या सौभाग्यवतींनीं आम्हांस बाजूला घेऊन सांगितलें, कीं सूनबाईंच्या पायावर जाळ्यासारखे तपकिरी डाग उठले आहेत, खाज नाहीं, दुखत नाहीं, पण जात नाहींत. उद्यां डॉक्टरीणबाईंकडे जावयाचें आहे. (ही गोष्ट येथें लिहावयास आम्हीं सूनबाईंची अनुमति घेतली आहे; ‘दुसऱ्या कोणाला उपयोग होईल’ असें त्यांनींच सांगितलें.)

डॉक्टरीणबाईंनीं डाग पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘शेगडी जवळ घेऊन बसता का?’ शेगडी नाहीं म्हटल्यावर त्यांनीं गरम पाण्याच्या पिशवीची चौकशी केली, आणि तीहि नाहीं म्हणतांच त्यांनीं लॅपटॉपचें नांव घेतलें. या विकारास ‘एरिथीमा ॲब इग्ने’ असें लॅटिन नांव आहे. अग्नीपासून आलेली लाली असा त्याचा अर्थ. त्यांतील ‘इग्ने’ आणि आपला ‘अग्नि’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. भाजेल इतकी नव्हे, पण नित्य व दीर्घकाळ लागणारी धग कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांस इजा करते व त्यांची जाळी वर उमटते. २०१० मध्यें स्वित्झर्लंडमधील बाझल येथल्या दोन डॉक्टरांनीं बारा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. तो कित्येक महिने रोज कांहीं तास लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळत असे, आणि त्याच्या डाव्या मांडीवर हेच डाग उठले होते. काश्मिरांत कांगडी अंगरख्याखालीं पोटाशीं धरून बसण्याची चाल आहे. तेथें अशा डागांच्या जागीं फार वर्षांनीं कर्करोगहि होतो, हें डॉ. एल्म्स्ली यांनीं इ. स. १८६६ मध्येंच नोंदविलें आहे. लॅपटॉपची धग कांगडीच्या मानानें पुष्कळच सौम्य. डॉक्टरीणबाईंनीं धीर दिला कीं धग थांबविली म्हणजे कांहीं महिन्यांत डाग फिके होतील. चालू ठेविली तर मात्र ते कायमचे राहतील.

म्हणजे फर्मानानंतरहि सूनबाईंचें काम अंथरुणावरच चाललें होतें. फरक एवढाच कीं आमचा शब्द मोडूं नये म्हणून त्यांनीं लॅपटॉप गादीवरून उचलून मांडीवर घेतला होता.

‘मग टेबलाशीं कां बसत नाहीं?’ आम्हीं विचारलें.

‘बाबा, कुठल्या टेबलाशी?’ त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. त्यांना खरोखरच विचारावयाचें होतें. आम्ही उत्तर देण्यासाठीं मनांतल्या मनांत घरभर फिरून आलों. माजघरांत दहापर्यंत दूरदर्शन व त्यानंतर धाकट्या बंधूंचें अंथरूण. ओसरी उघडी, पौषांत तेथें कोण बसेल? जेवणाचें टेबल आहे, परंतु तें स्वयंपाकघरांत, आणि तेथें बसल्यास नातीची हांक ऐकूं येत नाहीं. राहतां राहिलें आमचें स्वतःचें डेस्क: तीर्थरूपांच्या वेळचें, शिसवी, चार बुटक्या पायांचें, वरची फळी किंचित् उतरती, पुढें पेन्सिल अडावी असा कांठ आणि कोंपऱ्यांत दौतीची खांच. या डेस्कावर आम्ही हे लेख लिहितों. बाकीचा दिवस तें खिडकीपाशीं आमच्या चष्म्यासाठीं मोकळें असतें. अकरा माणसांच्या घरांत बसून लिहावयाची एकच जागा, आणि ती निवृत्त झालेल्या माणसाची! जिला रोज सहा तास काम करावयाचें तिला पलंगाखेरीज जागा नाहीं, आणि तिला आम्ही सुखासीनपणावर व्याख्यान देऊन आलों होतों.

डेस्क त्याच रात्रीं सूनबाईंच्या पलंगावर गेलें. पाय लांब करून बसलें असतां तें मांड्यांवरून आडवें बरोबर बसतें, अंगास टेकत नाहीं, आणि पाठीमागें भिंतीशीं घट्ट तक्क्या लावला म्हणजे मानहि फार वांकवावी लागत नाहीं.

आमच्याजवळ शाळेच्या जुन्या सामानाच्या लिलावांत घेतलेला पाऱ्याचा एक तापमापक आहे. पुतण्याला फर्मानापेक्षां प्रयोग आवडला. खोलींतली हवा २४ अंश. त्यानें चिरंजिवांच्या लॅपटॉपला एकच काम तीन वेळां दिलें व दर वेळीं चाळीस मिनिटांनीं पोटाशीं पारा लावून पाहिला. डेस्कावर ३६ अंश. घडी केलेल्या दुलईवर ४७. सूनबाईंनीं तिसरी पाळी सुचविली, मांडीवर उशी व उशीवर लॅपटॉप, ४५ अंश. चिपेची उष्णता दाखविणारी एक आज्ञावली असते, तींत डेस्कावर ५८ व दुलईवर ८८ दिसले. हे आंकडे आमच्या घरच्या एका यंत्राचे; दुसऱ्याचे निराळे येतील. परंतु मोरिट्झ व हेन्रिकेस या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४७ मध्यें दाखवून दिलें आहे कीं ४४ अंशांचा स्पर्शहि पांचसहा तास सतत राहिला तर कातडी भाजते, आणि पुढें एकेक अंशागणिक हा अवधि झपाट्यानें कमी होतो. हें त्या ४५ शेजारीं ठेवून पाहावें. जागा माणूस चटका लागतांच पाय हालवितो. त्या यंत्रावर झोंप लागलेला हालवीत नाहीं. तरुण पुरुषांनीं लॅपटॉप मांडीवर घेऊं नये असेंहि डॉक्टर सांगतात; त्याचें कारण येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, ज्यांचें त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.

ज्यांच्या घरीं डेस्क नाहीं त्यांनीं काय करावें? जेवावयाचा लांकडी पाट उत्तम. त्याच्या खालच्या दोन पट्ट्यांमुळें खालूनहि हवा खेळते. प्लायवुडची फळी असली तरी चालेल. ती यंत्राहून चारी बाजूंनीं दोन दोन बोटें मोठी असावी, म्हणजे पांघरूण कडेच्या फटींवर चढत नाहीं. फळीखालीं उशी घेण्यास हरकत नाहीं. उशी व यंत्र यांच्यामध्यें फळी असली म्हणजे झालें. आमच्या वहिनींनीं एकदां परात पुढें केली होती. ती नको, कारण तिचा कांठ नेमका फटींच्या आड येतो आणि पत्रा तापून पायास लागतो. बाजारांत पंखे बसविलेल्या बैठका मिळतात. त्या टेबलावर उपयोगी पडत असतील. गादीवर त्यांचेहि पंखे रुततात, हें घेतांना ध्यानांत ठेवावें.

चार्जरविषयीं लोक फार बेफिकीर असतात. तो स्वतः एक लहानशी शेगडीच असून त्यास पंखा नाहीं. त्याची जागा फरशीवर, उघड्यावर. उशीखालीं कदापि नाहीं. त्याची तार पलंगाच्या पायाखालीं चेपूं देऊं नये. निजण्यापूर्वीं वीज बंद करून यंत्र पलंगावरून उतरवावें व तें ‘शट डाउन’ करावें. रात्रभर कांहीं उतरवून घ्यावयाचेंच असेल तर तें फरशीवर, झांकण उघडें ठेवून. आणि झांकण मिटल्यावर यंत्र काय करतें, याची आज्ञा एकदां आपल्या डोळ्यांनीं तपासून घ्यावी. वर्षांतून एकदां पंखा साफ करवून घ्यावा. आमच्या घरीं आतां गाद्या पिंजावयाच्या दिवसांतच हें काम करावयाचें ठरलें आहे. पिंजण चाललें असतां मात्र सर्व यंत्रें दूरच्या खोलींत.

उन्हाळा तोंडावर आला आहे, म्हणून आणखी थोडें. बहुतेक लॅपटॉप १० ते ३५ अंश उष्णतेच्या खोलींत वापरावयाचे म्हणून बनविलेले असतात. नागपुरास वैशाखांत दुपारीं पारा ४५ च्या घरांत जातो, आणि रात्रीं दहा वाजतां भिंतीवर हात ठेवला तर भिंत अजून तापलेलीच असते. तेव्हां हिंवाळ्यांत जें खपून गेलें तें उन्हाळ्यांत खपणार नाहीं. अवजड कामें सकाळीं उरकावीं. कूलरच्या वाऱ्यांत माणसानें बसावें, पण त्याच्या ओल्या झोतासमोर यंत्र ठेवूं नये. गच्चीवर निजणाऱ्यांनीं दिवसभर उन्हांत तापलेल्या जमिनीवर तें टेकवूं नये.

बॅटरी फुगल्याचीं लक्षणें अशीं: झांकण नीट मिटत नाहीं, यंत्र टेबलावर डुगडुगतें, बोट फिरवावयाची पाटी वर येते किंवा दाबली जात नाहीं. असें दिसतांच वीज काढावी, यंत्र बंद करावें, आणि पुन्हा चार्ज करूं नये. फुगवटा दाबून बसविण्याचा किंवा टोंचून वायु काढण्याचा प्रयोग प्राणावर बेतूं शकतो. ती बॅटरी घरच्या कचऱ्यांत टाकूं नये. टाकाऊ बॅटऱ्यांसाठीं सरकारनें २०२२ मध्यें स्वतंत्र नियम केले असून त्यांप्रमाणें त्या परत घेण्याची जबाबदारी त्या बाजारांत आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. आणि धूर किंवा ज्वाला दिसलीच तर प्रथम मुलें व म्हातारीं माणसें खोलीबाहेर न्यावीं, घराची मुख्य कळ बंद करावी, मग आग लहान असल्यास दुरून भरपूर पाणी ओतावें. पाण्यानें बॅटरी थंड होते, व तिला थंड करणें हेंच मुख्य काम. तो धूर विषारी असतो, तो छातींत जाऊं देऊं नये. आग मोठी दिसली तर दार ओढून घेऊन बाहेर पडावें व १०१ वर अग्निशामक दळास कळवावें.

सूनबाईंचे डाग आतां पुष्कळ फिके झाले आहेत असें सौभाग्यवती सांगतात. डेस्कावरच्या दौतीच्या खांचेंत त्या मोबाइल उभा करून ठेवतात; इतकीं वर्षें ती खांच रिकामीच होती. नातीनें एकदां फळीवर खडूनें माकड काढलें, तेंहि पुसलेलें नाहीं. पुतण्यासाठीं सुताराकडून साध्या सागवानाचें दुसरें डेस्क करून आणलें, परंतु गेले दहा दिवस तें त्याच्या खोलींत भिंतीशीं टेकून उभें आहे आणि स्वारी लॅपटॉप घेऊन फरशीवर पालथी पडते. फरशी कठीण असल्यामुळें आम्हांस बोलावयास जागा नाहीं. तिसऱ्या डेस्काचें सुतारास सांगितलें आहे. तोंपर्यंत हा मजकूर आम्ही देवघराबाहेरच्या चौरंगावर लिहीत आहों, आणि तो चार बोटें ठेंगणा असल्यामुळें या महिन्याचें आमचें अक्षर लागलें नाहीं तर संपादकांनीं क्षमा करावी.